भ्रमणध्वनीवरील शेतीसल्ला : पारख आणि वापर

शेतीत वेळेवर मिळालेली खरी माहिती बियाणे, खत व पाणी यांच्याइतकीच मोलाची असते. पेरणी आठ दिवस आधी झाली की नंतर, फवारणी खरोखर जरुरीची होती की नव्हती, माल आज विकला की उद्या, यांवर कास्तकाराचा वर्षाचा हिशेब पालटतो. पूर्वी अशी माहिती मिळणे हेच दुरापास्त होते. कृषि खात्याच्या माणसाची फेरी, आकाशवाणीवरील कार्यक्रम आणि आठवडी बाजारातील गाठीभेटी एवढीच काय ती साधने होती. आज कास्तकाराच्या खिशातील भ्रमणध्वनीवर हवामानाचा अंदाज, कीडनियंत्रणाचा सल्ला, बाजारभाव आणि शासकीय योजनांची वार्ता दिवसरात्र येत असते. त्यांतच जुने, अर्धवट आणि निखालस खोटे संदेशही मिसळलेले असतात. अडचण आता माहितीच्या दुर्मिळतेची राहिली नसून तिच्या निवडीची आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न विशेष महत्त्वाचा होय. जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत शेतीचा मोठा भाग पावसावर अवलंबून आहे. कापूस, सोयाबीन व तूर ही येथील मुख्य पिके. कोरडवाहू शेतीत चूक सुधारण्यास फारसा अवसर मिळत नाही. एक पेरणी वाया गेली तर बियाण्याचा दुसरा खर्च सोसणे लहान कास्तकारास जड जाते. आणि विनाकारण केलेली फवारणी पैशाबरोबर प्रकृतीचीही हानी करते. म्हणून ही साधने कोणती, त्यांचा उपयोग किती आणि त्यांच्यावर विश्वास कोठवर ठेवावा, हे प्रत्येक कास्तकाराने व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

श्रवण आणि चर्चा : एक जुना धडा

नव्या साधनाचा शेतीला उपयोग कसा करून घ्यावा, याचा एक उत्तम प्रयोग महाराष्ट्रातच झालेला आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे खेड्यांतून शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालविली. आठवड्यातून दोन वेळा, याप्रमाणे शेती व ग्रामजीवनाविषयी वीस कार्यक्रम ध्वनिक्षेपित झाले. प्रत्येक मंडळातील शेतकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर आपसांत चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे कळवीत. त्या शंकांना पुढे उत्तरेही मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. नुसता रेडिओ असलेल्या खेड्यांपेक्षा श्रवणमंडळे असलेल्या खेड्यांतील लोकांच्या ज्ञानात अधिक भर पडली, असे त्या पाहणीत आढळून आले.

रेडिओ दोन्हीकडे तोच होता आणि कार्यक्रमही तेच होते. फरक होता तो चर्चेचा. ऐकलेली गोष्ट चारचौघांत बोलली गेली, तिला प्रश्न विचारले गेले, आपल्या शेताशी ती ताडून पाहिली गेली, तेव्हाच ती उपयोगी ठरली. हा धडा आजच्या भ्रमणध्वनीलाही तंतोतंत लागू पडतो. संदेश वाचणे वा ऐकणे ही पहिली पायरी. शेतात जाऊन पाहणे ही दुसरी. जाणत्या माणसाशी बोलणे ही तिसरी. आणि कृती ही चौथी. आज बहुतेक ठिकाणी पहिल्या पायरीवरून एकदम चौथीवर उडी मारली जाते. मधल्या दोन पायऱ्या गाळल्या की अनर्थ ओढवतो.

२०१७ चा अनुभव

असा अनर्थ किती भयंकर असू शकतो, हे यवतमाळ जिल्ह्याने २०१७ च्या खरीप हंगामात अनुभवले. त्या वर्षी कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. कपाशी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढलेली, हवा उष्ण व दमट, दिवसचे दिवस फवारणी चाललेली, अंगावर संरक्षक कपडे नाहीत आणि पंपात दोन-तीन कीटकनाशकांचे मिश्रण, अशी अनेक कारणे एकत्र आली होती. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनेही कपाशीचे मोठे नुकसान केले.

या घटनेपासून एक गोष्ट स्पष्ट होते. कोणते औषध, किती प्रमाणात, कशात मिसळून आणि केव्हा फवारावे, हा प्रश्न नफातोट्यापुरता मर्यादित नसून जिवाशी निगडित आहे. म्हणून ज्या संदेशात औषधाचे नाव किंवा मिश्रणाची कृती सांगितलेली असेल, तो संदेश इतर सर्व संदेशांहून अधिक कसोशीने तपासला पाहिजे.

संदेशाची पारख

बियाणे विकत घेताना कास्तकार पिशवीवरील खूणचिठ्ठी पाहतो, मुदत पाहतो आणि पावती मागतो. संदेशाच्या बाबतीतही तितकीच दक्षता घ्यावी. त्यासाठी पुढील पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हा सल्ला कोणाचा? अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, यवतमाळचे कृषि विज्ञान केंद्र, राज्याचा कृषि विभाग किंवा भारतीय हवामानशास्त्र विभाग यांच्यापैकी कोणी तो दिला आहे काय? संदेशात संस्थेचे नुसते नाव असणे पुरेसे नाही, कारण नाव कोणीही लिहू शकतो. त्या संस्थेच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत यूट्यूब वाहिनीवर तोच सल्ला आढळतो की नाही, हे पाहावे अथवा कृषि कार्यालयात विचारून खात्री करून घ्यावी.

दुसरा प्रश्न : हा सल्ला केव्हाचा? व्हॉट्सॲपवर जुना संदेश नव्यासारखाच दिसतो. तीन वर्षांपूर्वीचा अतिवृष्टीचा इशारा या वर्षी पुन्हा फिरू लागला तरी वाचणाऱ्यास ते कळत नाही. ज्या संदेशावर दिनांक नाही, तो हवामान, बाजारभाव व योजना यांबाबत निरुपयोगी समजावा.

तिसरा प्रश्न : हा सल्ला कोणत्या प्रदेशासाठी? पंजाबातील ओलिताच्या कपाशीसाठी दिलेला सल्ला राळेगाव किंवा मारेगाव येथील कोरडवाहू कपाशीला तसाच लागू पडत नाही. चित्रफितीतील शेतकरी मराठी बोलतो, एवढ्यावरून त्याची जमीन व पाऊस आपल्यासारखाच असेल असे मानू नये.

चौथा प्रश्न : पिकाच्या कोणत्या अवस्थेसाठी? पाते लागण्याच्या वेळचा उपाय बोंडे पक्व होताना केल्यास लाभ होत नाही. संदेशात पीक किती दिवसांचे असताना काय करावे हे सांगितले नसेल, तर तो संदेश अपुरा होय.

पाचवा प्रश्न : सल्ला देणाऱ्याला काही विकायचे आहे काय? एखाद्या औषधाच्या किंवा संजीवकाच्या व्यापारी नावाची स्तुती आणि खाली मागणीसाठी क्रमांक, अशी ज्याची रचना आहे ती जाहिरात होय. जाहिरात करणे हा गुन्हा नव्हे; परंतु तिला सल्ला समजणे ही आपली चूक ठरते.

या पाच प्रश्नांतून उतरलेल्या संदेशातही औषधाचा उल्लेख असेल, तर अखेरची कसोटी डब्यावरील लेबलाची. ते औषध त्या पिकासाठी व त्या किडीसाठी शिफारस केलेले आहे काय, प्रमाण किती, फवारणी व काढणी यांत किती दिवसांचे अंतर हवे, हे लेबलावर व सोबतच्या माहितीपत्रकात छापलेले असते. डब्यावरील रंगीत त्रिकोण विषाची तीव्रता दर्शवितो. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, नंतर निळा आणि सर्वांत कमी तीव्र हिरवा. हिरवा त्रिकोण असला तरी ते विषच असते, हे विसरू नये. लेबल व संदेश यांत विसंगती आढळल्यास लेबलच प्रमाण मानावे.

हवामानाची साधने

भारतीय हवामानशास्त्र विभाग, पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आणि भारतीय कृषि अनुसंधान परिषद यांनी २०१९ साली ‘मेघदूत’ हे ॲप सुरू केले. त्यात आपला जिल्हा निवडला असता पाऊस, तापमान, आर्द्रता व वारा यांचा पुढील पाच दिवसांचा अंदाज मिळतो. कृषि हवामान सल्ला मंगळवारी व शुक्रवारी प्रसृत होतो. हे दोन वार ध्यानात ठेवून त्या दिवशी सल्ला पाहण्याची सवय लावून घ्यावी.

अंदाजाचा उपयोग करताना त्याची मर्यादाही ओळखावी. जिल्ह्याचा अंदाज म्हणजे प्रत्येक शिवाराचा अंदाज नव्हे. दारव्ह्याला मुसळधार पाऊस पडावा आणि वणीला थेंबही पडू नये, असे अनेकदा घडते. म्हणून ‘पाऊस येणार आहे’ या संदेशावर विसंबून धूळपेरणी करण्यापेक्षा, प्रत्यक्ष ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच खरिपाची पेरणी करावी, ही कृषि विभागाची शिफारस पाळणे हिताचे असते.

हा पाऊस मोजण्यास महागडे यंत्र लागत नाही. तळापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीचा, उभ्या काठांचा एखादा डबा झाडापासून व भिंतीपासून दूर, उघड्या जागी सपाट ठेवावा. सकाळी ठरावीक वेळी पट्टी बुडवून पाण्याची खोली मोजावी. पाणी जितके मिलिमीटर भरेल, तितका पाऊस पडला असे समजावे. नंतर डबा रिकामा करून आकडा दिनांकासह वहीत लिहावा. गावातील चार दिशांच्या चार शेतांत असे डबे ठेवून त्यांचे आकडे गावाच्या व्हॉट्सॲप समूहावर रोज टाकले, तर कोणत्या भागात पेरणीयोग्य पाऊस झाला हे साऱ्या गावाला कळते. वरून येणाऱ्या अंदाजाला गावाच्या मोजमापाची जोड अशी देता येते.

अंदाजाचा दुसरा उपयोग फवारणीसाठी आहे. पुढील काही तासांत पाऊस संभवत असेल किंवा वारा जोराचा असेल, तर फवारणी पुढे ढकलावी. पावसाने औषध धुऊन जाते आणि वाऱ्याने ते फवारणाऱ्याच्याच अंगावर येते.

विजेपासून सावध करणारे ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या त्याच संस्थेने तयार केले आहे. आपण असू त्या ठिकाणापासून वीस व चाळीस किलोमीटरच्या परिघात विजा पडण्याचा संभव असल्यास ते इशारा देते. इशारा मिळताच वेचणीस वा निंदणास आलेल्या बायामाणसांना पक्क्या घरात न्यावे. झाडाचा आसरा घेऊ नये. जवळ घर नसेल तर पाय जुळवून, मान खाली घालून उकिडवे बसावे. शेतात एकाच्या जवळ जरी हे ॲप असले तरी दहा जणांचे रक्षण होऊ शकते.

कीडरोगाची ओळख

२००८ साली विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर राज्यात कीडरोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजेच ‘क्रॉपसॅप’, हाती घेण्यात आला. ठरावीक शेतांची नियमित पाहणी करून किडींची संख्या संगणकावर नोंदवावयाची आणि ती आर्थिक नुकसानीच्या पातळीजवळ जाताच सल्ला द्यावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. केंद्र शासनाने २०२४ साली राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. तिच्या ॲपमध्ये किडीचे छायाचित्र दिले असता संगणकाच्या साहाय्याने तिची ओळख पटविण्याची सोय आहे. राज्याच्या कृषि विभागाने २०२५ साली आणलेल्या ‘महाविस्तार’ या ॲपमध्ये मराठीतून प्रश्न विचारता येतात. यंत्राने दिलेले उत्तर मात्र अंतिम समजू नये. औषधाविषयी असल्यास ते कृषि अधिकाऱ्यास दाखवून मगच अमलात आणावे.

छायाचित्र पाठवून सल्ला मागणाऱ्यांची संख्या मोठी आहे. परंतु बहुतेक छायाचित्रांवरून तज्ज्ञास काहीच सांगता येत नाही. म्हणून छायाचित्रे चार काढावीत : पहिले शेताचे, रोगट भाग कोठे व किती आहे हे दाखविणारे, दुसरे संपूर्ण झाडाचे, तिसरे पानाच्या वरच्या व चौथे खालच्या बाजूचे, अगदी जवळून. अळी किंवा भुंगा असल्यास शेजारी काडेपेटीची काडी ठेवावी, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. भर उन्हात न काढता झाडावर स्वतःची सावली धरून छायाचित्र घ्यावे. सोबत पिकाचे नाव व वाण, पेरणीची तारीख, गाव, जमिनीचा प्रकार, लक्षणे केव्हापासून दिसतात आणि यापूर्वी कोणती फवारणी केली, एवढे अवश्य लिहावे. ही माहिती नसेल तर उत्तर अंदाजाने दिले जाते.

छायाचित्राने सर्वच किडी ओळखता येत नाहीत. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहते. बाहेरून बोंड निरोगी दिसते आणि आत सरकी पोखरली जात असते. तिच्यासाठी मोजणीला पर्याय नाही. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून त्यांतील पतंग रोज मोजावेत. ल्युर मुदत संपताच बदलावा. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळले, तर ती उपायांची वेळ समजावी. फुलांच्या काळात उमलू न शकलेल्या, मिटून राहिलेल्या डोमकळ्या शोधून अळीसह नष्ट कराव्यात. बोंडे धरल्यावर एकरी वीस हिरवी बोंडे निरनिराळ्या झाडांवरून तोडून फोडून पाहावीत. वीसांपैकी दोन बोंडांत अळी वा तिचे नुकसान दिसले, तर प्रमाण दहा टक्के झाले. ही नुकसानीची पातळी होय. त्याहून कमी असल्यास फवारणीची घाई करू नये.

येथे गावाच्या समूहाचा खरा उपयोग दिसून येतो. एका शेतातील वीस बोंडांवरून एका शेताची स्थिती कळते. गावातील दहा कास्तकारांनी एकाच दिवशी मोजणी करून आपापले आकडे समूहावर टाकले, तर साऱ्या शिवाराचे चित्र उभे राहते. कोणत्या बाजूने कीड वाढत आहे, जिनिंगजवळच्या शेतांत ती अधिक आहे काय, हे त्यावरून दिसते आणि कृषि अधिकाऱ्यालाही नेमका सल्ला देता येतो. ‘आमच्याकडे बोंडअळी फार आहे’ अशा शंभर संदेशांपेक्षा ‘वीसांत तीन’ हा एक आकडा अधिक कामाचा असतो.

बाजारभाव व खरेदी

बाजारभाव पाहण्यासाठी केंद्र शासनाचे ‘ॲगमार्कनेट’ व राज्य कृषि पणन मंडळाचे संकेतस्थळ उपलब्ध आहे. राष्ट्रीय कृषि बाजार, म्हणजे ‘ई-नाम’, ही योजना १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाली. या ठिकाणी भावाबरोबर आवक, किमान दर, कमाल दर व सर्वसाधारण दर दिलेला असतो. कास्तकाराने सर्वसाधारण दर पाहावा. ‘अमुक बाजारात कापसाला विक्रमी भाव’ अशा संदेशातील भाव बहुधा एखाद्याच गाडीला मिळालेला कमाल दर असतो. त्या दिवशीची आवक किती होती, हे पाहिले की त्याचा खरा अर्थ कळतो.

भावातील फरक पाहून दूरच्या बाजारात जावयाचे असेल तर आधी हिशेब करावा. उदाहरणादाखल, जवळच्या बाजारात क्विंटलला ७,००० रुपये आणि दूरच्या बाजारात ७,१५० रुपये भाव आहे असे समजू. दहा क्विंटल कापसावर फरक १,५०० रुपये पडेल. गाडीभाड्याचा जादा खर्च १,२०० रुपये असेल, तर उरले ३०० रुपये. त्यांतून हमाली व दिवसभराची खोटी वजा केल्यास हाती काहीच उरत नाही. कापसातील ओलावा अधिक निघून दर कापला गेला तर तोटाच व्हावयाचा.

हमीभावाने कापूस विकण्यासाठी भारतीय कापूस महामंडळाने २०२५-२६ च्या हंगामात ‘कपास किसान’ या ॲपवरून नोंदणीची पद्धत सुरू केली. त्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये व लांब धाग्याचा ८,११० रुपये होता. पूर्ण हमीभावासाठी ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असावा लागतो. बारा टक्क्यांपर्यंत ओलाव्याच्या प्रमाणात दर कमी होतो. प्रत्येक हंगामात मुदत व नियम नव्याने जाहीर होतात, म्हणून मागील वर्षाच्या संदेशावर विसंबू नये. सात-बाऱ्यावर पिकाची नोंद असणे अशा वेळी उपयोगी पडते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळे ही नोंद कास्तकारास भ्रमणध्वनीवरून स्वतः करता येऊ लागली. नोंद करताना शेतात उभे राहूनच पिकाचे छायाचित्र घ्यावे.

गावाचा समूह कसा चालवावा

व्हॉट्सॲपचे समूह गावोगावी आहेत. परंतु शुभेच्छा, राजकारण व करमणुकीच्या संदेशांत शेतीचा संदेश दडून जातो. म्हणून शेतीसाठी स्वतंत्र समूह करावा. तो चालविण्याची जबाबदारी दोघांनी घ्यावी : एक गावातील जाणता कास्तकार व दुसरा ग्रामपातळीवरील कार्यकर्ता. समूहाचे नियम थोडे व स्पष्ट असावेत. उगम व दिनांक नसलेला संदेश पुढे पाठवू नये. औषधाच्या मिश्रणाची कृती अधिकाऱ्याने पाहिल्याशिवाय टाकू नये. कोणाकडून चुकीचा संदेश आला तर त्याचा उपहास न करता, खरी माहिती त्याच ठिकाणी नमूद करावी. उपहासाच्या भीतीने माणसे प्रश्न विचारणे सोडून देतात आणि समूह निरर्थक होतो.

आठवड्यातून एकदा, शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी सल्ला आल्यावर, पंधरा-वीस जणांनी पारावर किंवा ग्रामपंचायतीत अर्धा तास एकत्र बसावे. सल्ला मोठ्याने वाचावा. पाऊस, सापळे व बोंडे यांचे गावातील आकडे त्याच्या शेजारी मांडावेत. पुढील आठवड्यात काय करावयाचे व काय टाळावयाचे, हे ठरवावे. उरलेल्या शंका कृषि विज्ञान केंद्रास अथवा किसान कॉल सेंटरला विचाराव्यात. २००४ साली सुरू झालेल्या या केंद्राचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक निःशुल्क असून सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत मराठीतून उत्तर मिळते.

ज्यांच्याजवळ असा भ्रमणध्वनी नाही, त्यांना वगळून चालणार नाही. निंदण, वेचणी व फवारणी ही कामे पुष्कळशी मजूर स्त्रीपुरुष करतात. विषबाधेचा व विजेचा धोका त्यांनाच अधिक. त्यांच्यासाठी ठरलेला सल्ला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा. जिल्ह्यात कोलाम, गोंड व बंजारा समाजाची वस्ती मोठी आहे. पोडावर किंवा तांड्यावर छापील मराठी सल्ल्यापेक्षा तेथीलच एखाद्या तरुणाने स्वतःच्या बोलीत केलेला दोन मिनिटांचा ध्वनिसंदेश अधिक परिणामकारक ठरतो. जेथे नेटवर्क पोहोचत नाही, तेथे हाच संदेश बाजाराच्या दिवशी उतरवून घेऊन वस्तीवर ऐकवावा.

फसवणुकीपासून सावधगिरी

अनुदान, पीकविमा किंवा पंतप्रधान किसान सन्मान योजनेचा हप्ता यांच्या नावाने खोटे दुवे व ‘एपीके’ फाइली पाठविल्या जातात. अशी फाइल उघडताच भ्रमणध्वनीचा ताबा परक्याकडे जाऊन बँकेतील रक्कम नाहीशी होण्याचा धोका असतो. कोणतेही शासकीय कार्यालय फोनवर ओटीपी मागत नाही. ॲप घ्यावयाचे ते भ्रमणध्वनीतील अधिकृत ॲपभांडारातूनच घ्यावे. समूहावर आलेल्या फाइलीतून घेऊ नये. फसवणूक झाल्याचे कळताच लाज न बाळगता विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी व बँकेस कळवावे. जितका उशीर होईल तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी होते.

जेथे भ्रमणध्वनी उपयोगी नाही

काही प्रसंगी भ्रमणध्वनीवर शोध घेत बसणे हेच घातक असते. फवारणी करताना चक्कर, मळमळ, अंधूक दिसणे, अतिशय घाम, तोंडाला लाळ सुटणे किंवा श्वासास त्रास, यांपैकी काहीही जाणवले तर काम तत्काळ थांबवावे. रोग्यास शेताबाहेर मोकळ्या हवेत आणावे, औषधाने भिजलेले कपडे काढावेत, अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. औषधाचा डबा अथवा त्याचे लेबल बरोबर न्यावे, कारण कोणते विष अंगात गेले हे कळले तर डॉक्टरांना उपचार लवकर सुरू करता येतात. समूहावर उपाय विचारू नये, चित्रफीत शोधू नये आणि घरगुती उतारा देऊ नये.

त्याचप्रमाणे जमिनीचा कस छायाचित्रावरून कळत नाही. त्यासाठी मातीचा नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. बियाण्याची उगवणशक्ती संदेशावरून ठरत नाही. सोयाबीनचे घरचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवून किती उगवले ते मोजावे लागते. सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरण्यास योग्य होय.

भ्रमणध्वनी हे वखर किंवा पंप यांसारखेच एक अवजार आहे. ते ज्याच्या हाती असेल त्याच्या विचाराप्रमाणे चालते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या हंगामापूर्वी आपल्या कार्यक्षेत्रातील प्रत्येक गावी एक शेतीसमूह, चार पर्जन्यमापक डबे, सापळ्यांच्या नोंदीची एक वही आणि आठवड्याची एक बैठक एवढी व्यवस्था उभी करावी. कास्तकारांनी आलेल्या संदेशास पाच प्रश्न विचारावेत, शेतात जाऊन मोजावे, चारचौघांत बोलावे आणि मगच खर्चास किंवा फवारणीस हात घालावा. एवढी शिस्त पाळल्यास या साधनापासून हानी टळून यवतमाळच्या कोरडवाहू शेतीला त्याचा खात्रीने लाभ होईल.